खेळाडू डॉक्टर : जॅक काइल

मुलांनो, एखादा मोठा खेळाडू खेळातून निवृत्त झाला, की पुढे काय करतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? कोणी प्रशिक्षक होतो, कोणी दूरदर्शनवर सामन्यांचे वर्णन करतो, कोणी हॉटेल किंवा दुकान काढतो. ज्या खेळाने नाव दिले, त्या खेळाच्या आसपास राहावे असे बहुतेकांना वाटते. त्यात गैर काही नाही. पण आयर्लंडमधील एका खेळाडूने निराळी वाट धरली. तो आपल्या देशाचा अतिशय लाडका खेळाडू होता. खेळता खेळता तो डॉक्टर झाला. खेळ संपल्यावर तो आफ्रिकेतील एका खाणींच्या गावी गेला आणि तेथे त्याने चौतीस वर्षे लोकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या खेळाडूचे नाव जॅक काइल. त्यांचा खेळ होता रग्बी.

रग्बीचा सामना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. मुंबईत आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याचे मैदान आहे. तेथे हा खेळ पुष्कळ वर्षांपासून खेळला जातो. तरीही क्रिकेट आणि कबड्डीइतका तो आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला नाही. म्हणून आधी खेळ कसा असतो ते पाहू.

रग्बीचा चेंडू गोल नसतो, अंड्यासारखा लांबट असतो. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते आणि पायाने मारताही येतो. पण हाताने तो पुढच्या दिशेला फेकता येत नाही. साथीदाराला द्यायचा झाला तर मागे किंवा बाजूलाच फेकावा लागतो. म्हणजे जायचे पुढे आणि चेंडू द्यायचा मागे! ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला विरुद्ध संघाचे खेळाडू धरून खाली पाडतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड करतात ना, काहीसे तसेच. या सर्वांना चुकवून चेंडू विरुद्ध संघाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला, की 'ट्राय' होतो आणि गुण मिळतात. काइल यांच्या काळात एका ट्रायचे तीन गुण मिळत. आता पाच मिळतात.

या पंधरा खेळाडूंमध्ये एक खेळाडू संघाचा मेंदू समजला जातो. त्याला 'फ्लाय-हाफ' म्हणतात. पुढच्या फळीतील दांडगे खेळाडू झटापट करून चेंडू मिळवतात, आणि तो बहुतेक वेळा या खेळाडूच्या हाती येतो. समोरून विरुद्ध संघाचे खेळाडू त्याच्यावर धावून येत असतात. एक-दोन क्षणांत त्याला ठरवावे लागते, की आपण स्वतः पळायचे, चेंडू लाथेने दूर मारायचा, की साथीदाराला द्यायचा. निर्णय चुकला, की केलेली मेहनत वाया जाते. जॅक काइल हे फ्लाय-हाफ होते.

काइल यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२६ रोजी बेलफास्ट या शहरात झाला. तेथील रॉयल अकॅडमी या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी त्याच शहरातील क्वीन्स विद्यापीठात प्रवेश घेतला. आयर्लंडच्या संघात त्यांची निवड झाली, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते. जानेवारी १९४७ मध्ये फ्रान्सविरुद्ध ते आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळले. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षे होते.

तुम्ही म्हणाल, वैद्यकाचा अभ्यास इतका अवघड असतो, मग देशासाठी खेळायला वेळ कसा मिळाला? याचे उत्तर त्या काळच्या नियमांत आहे. रग्बी खेळण्याबद्दल तेव्हा खेळाडूला पैसे मिळत नसत. पैसे घेणे नियमाविरुद्धच होते. हा नियम १९९५ साली रद्द झाला. त्याआधीचे सगळे खेळाडू पोटासाठी दुसरे काहीतरी करत. कोणी शिक्षक असे, कोणी शेतकरी, कोणी वकील. वैद्यकाचे विद्यार्थी तर पुष्कळच असत. कारण विद्यापीठांचे आणि मोठ्या रुग्णालयांचे स्वतःचे संघ होते. काइल यांच्या संघाचा कर्णधार कार्ल मलन हाही डब्लिनमध्ये वैद्यक शिकत होता. बिल मॅके नावाचा आणखी एक साथीदार पुढे डॉक्टर होऊन न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाला. म्हणजे त्या संघात कोणी जखमी झाला, तर मलमपट्टी करणारे मैदानातच हजर होते!

आता खेळाडूंना पैसे मिळतात, त्यामुळे दिवसभर सरावच करावा लागतो. दोन्ही गोष्टी साधणे फार कठीण झाले आहे. तरी वेल्सचा खेळाडू जेमी रॉबर्ट्स याने २०१३ साली वैद्यकाची पदवी मिळवून दाखवली.

जॅक काइल यांच्या संघाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनबरोबर राहिले. बाकीच्या भागाचा वेगळा देश झाला. उत्तरेत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती अधिक, दक्षिणेत कॅथलिक ख्रिस्ती अधिक. दोन्हींमध्ये कटुता होती, आणि पुढे उत्तरेत पुष्कळ रक्तपातही झाला. फाळणीनंतर फुटबॉलचे संघ दोन झाले. रग्बीचा संघ मात्र एकच राहिला, तो आजही एकच आहे. उत्तरेतील बेलफास्टचा काइल आणि दक्षिणेतील डब्लिनचा मलन एकाच हिरव्या सदऱ्यात खेळत. एका बाजूचा गडी दुसऱ्या बाजूच्या गड्याला चेंडू देई, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक एकाच संघासाठी टाळ्या वाजवत.

१९४८ हे या संघाच्या भाग्याचे वर्ष ठरले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि आयर्लंड या पाच देशांत दरवर्षी सामने होत. इतर चारही देशांना एकाच वर्षी हरवणे हा सर्वांत मोठा मान. त्याला 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. आयर्लंडला तो कधीच मिळाला नव्हता. १ जानेवारी रोजी पॅरिसमध्ये त्यांनी फ्रान्सला १३-६ असे हरवले. लंडनजवळ ट्विकनम येथे इंग्लंडवर ११-१० असा एका गुणाने निसटता विजय मिळवला. डब्लिनमध्ये स्कॉटलंडला ६-० असे नमवले. शेवटचा सामना १३ मार्च रोजी बेलफास्टमध्ये, काइल यांच्या स्वतःच्या शहरात, वेल्सविरुद्ध झाला. आयर्लंडने तो ६-३ असा जिंकला. बावीस वर्षांच्या काइल यांचे नाव घराघरांत गेले.

त्यांचा खेळ कसा होता? अंगाने ते फार धिप्पाड नव्हते. आरडाओरडा करत नसत. बराच वेळ ते चेंडू नुसते इकडून तिकडे देत राहत. समोरच्याला वाटे, आज यांचा काही बेत दिसत नाही. मग तो जरा गाफील झाला, की त्याच्या बाजूने काइल वाऱ्यासारखे निघून जात. संयम आणि अचूक वेळ, ही त्यांच्या खेळाची खूण होती.

१९५० साली ब्रिटन व आयर्लंड येथील निवडक खेळाडूंचा 'लायन्स' नावाचा संघ न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया येथे गेला. काइल त्यात होते. प्रवास बोटीचा. दौरा काही महिन्यांचा. तेवढा काळ पुस्तके बाजूला ठेवावी लागणार होती. त्या दौऱ्यातील सहाही कसोटी सामने ते खेळले आणि तिकडच्या प्रेक्षकांनीही त्यांचे कौतुक केले. पण परत येताच ते पुन्हा अभ्यासाला लागले. १९५१ साली ते डॉक्टर झाले. कौतुकाच्या भरात अभ्यास सोडून द्यावा, असे त्यांनी केले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढची सात वर्षे ते डॉक्टरही होते आणि खेळाडूही. मार्च १९५८ मध्ये ते आयर्लंडकडून अखेरचा सामना खेळले. देशासाठी ते एकूण ४६ सामने खेळले. त्या वेळी जगात कोणीही आपल्या देशाकडून इतके सामने खेळले नव्हते. १९५९ साली त्यांना ब्रिटनचा 'ओ.बी.ई.' हा किताब मिळाला. तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते.

आता त्यांच्यापुढे सुखाचा रस्ता मोकळा होता. बेलफास्टमध्ये त्यांना कोण ओळखत नव्हते? चांगला दवाखाना थाटता आला असता. रुग्ण त्यांचे नाव ऐकूनच आले असते. परंतु काइल यांनी देश सोडला. प्रथम ते इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर काम करण्यासाठी गेले. त्यानंतर १९६६ साली ते आफ्रिकेतील झांबिया या देशातील चिंगोला या गावी आले.

झांबियाचा नकाशा पाहा. देशाला समुद्रकिनारा नाही. उत्तरेला काँगोच्या सीमेलगत तांब्याच्या खाणींचा मोठा पट्टा आहे. चिंगोला त्याच पट्ट्यात आहे. गावाजवळ नचांगा येथे तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. घरातील विजेच्या तारांत जे तांबे असते, तसे तांबे तेथून जगभर जाई. खाणीत काम करणारे हजारो मजूर आणि त्यांची कुटुंबे या गावांत राहत.

झांबिया १९६४ साली इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. तेव्हा सगळ्या देशात पदवीधर झांबियन लोक शंभरच्या आसपास होते. परक्या राज्यकर्त्यांनी शिक्षणाकडे लक्षच दिले नव्हते. देशाचे पहिले विद्यापीठ लुसाका येथे १९६६ साली, म्हणजे काइल तेथे आले त्याच वर्षी सुरू झाले. विचार करा. डॉक्टर तयार व्हायला सहा-सात वर्षे लागतात. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, म्हणजे सर्जन, तयार व्हायला आणखी काही वर्षे लागतात. तोपर्यंत आजारी माणसाने काय करायचे? आजार थांबून राहत नाही. अशा वेळी बाहेरून येऊन टिकून राहणाऱ्या डॉक्टरांची फार गरज होती.

मोठ्या शहरात हाडांचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा, बाळंतपणाचा वेगळा असतो. खाणगावातील सर्जनला अशी वाटणी परवडत नाही. रात्री खाणीतील अपघातात पाय चिरडलेला मजूर येतो. त्याच्यामागोमाग अडलेली बाळंतीण येते. तिचे पोट उघडून मूल बाहेर काढावे लागते. सकाळी आतड्याला पीळ पडलेला म्हातारा येतो. दुपारी भाजलेले मूल येते. सर्जनने यांतले 'हे माझे काम नाही' असे कोणाला म्हणायचे? पुढचे मोठे रुग्णालय दूर असते, आणि रुग्णाजवळ वेळ थोडा असतो.

एक उदाहरण घेऊ. खाणीत दगड अंगावर पडून एका मजुराच्या पोटाला मार लागला आहे. बाहेरून जखम दिसत नाही. तो बोलतो आहे. पण त्याची नाडी जलद होत चालली आहे आणि रक्तदाब उतरतो आहे. अनुभवी सर्जन ओळखतो, की पोटातील प्लीहा फुटली असावी आणि आतल्या आत रक्त वाहत आहे. थांबून पाहत राहिले तर माणूस हातचा जाईल. घाईने नको तिथे सुरी चालवली तरी धोका. थोड्या माहितीवर आणि थोड्या वेळात निर्णय घ्यायचा, आणि घेतल्यावर हात थरथरू द्यायचा नाही.

येथे तुम्हांला फ्लाय-हाफची आठवण झाली असेल. समोरून माणसे धावून येत असताना डोके शांत ठेवणे, ही सवय रुग्णालयातही उपयोगी पडणारच. पण दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मात्र समजू नका. खेळात आज चूक झाली, तर पुढच्या शनिवारी दुसरा सामना असतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याच माणसाला दुसरी संधी असतेच असे नाही. शिवाय तेथे प्रेक्षक नसतात. काम उत्तम झाले, तरी टाळ्या वाजत नाहीत. रुग्णाला गुंगी दिलेली असते. आपल्यावर शस्त्रक्रिया करणारा माणूस एके काळी कोण होता, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. आपण वाचावे, एवढीच त्याची इच्छा असते.

झांबियातील दिवस सोपे नव्हते. देशाचा सगळा व्यवहार तांब्यावर चालत होता. १९७५ च्या सुमारास जगाच्या बाजारात तांब्याचे भाव कोसळले. बाहेरून औषधे आणि यंत्रे आणायला देशाजवळ पैसा उरेना. पुढे आणखी मोठे संकट आले. १९८४ साली झांबियात एड्सचा पहिला रुग्ण आढळला. पाहता पाहता रोग पसरला. २००१-०२ साली तेथे पाहणी झाली, तेव्हा १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर सहा-सात माणसांमागे एकाच्या रक्तात त्या रोगाचे विषाणू आढळले. रोग आटोक्यात ठेवणारी औषधे सामान्य माणसाला मिळू लागली ती त्यानंतर. तोपर्यंत घरेच्या घरे उजाड झाली. सर्जनच्या कामात रक्ताशी रोजचा संबंध येतो. हातमोजा फाटून सुई टोचली, तर डॉक्टरलाही रोग होऊ शकतो. या काळात काइल यांचे वय साठीच्या आसपास होते. 'आता पुरे' म्हणून ते घरी परतले असते, तरी कोणी दोष दिला नसता. ते चिंगोला येथेच काम करत राहिले.

इ. स. २००० मध्ये ते मायदेशी परतले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मोर्न डोंगरांच्या पायथ्याशी ब्रायन्सफर्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ते राहू लागले. त्यांना कवितेची फार आवड होती. पुष्कळ कविता त्यांना तोंडपाठ होत्या. तुमच्या घरीही प्रसंगानुसार एखादा शेर म्हणून दाखवणारे आजोबा किंवा नाना असतील. तसेच हे होते.

लोक त्यांना विसरले नव्हते. २००२ साली आयर्लंडच्या रग्बी संघटनेने त्यांना देशाचा सर्वश्रेष्ठ रग्बी खेळाडू म्हणून गौरवले. २००८ साली आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानेही त्यांचा सन्मान केला. मग २१ मार्च २००९ हा दिवस आला. १९४८ नंतर आयर्लंडला ग्रँड स्लॅम पुन्हा कधी मिळाले नव्हते. एकसष्ट वर्षे गेली होती. त्या दिवशी कार्डिफ येथे आयर्लंडने वेल्सला १७-१५ असे हरवून तो मान पुन्हा मिळवला. प्रेक्षकांत त्र्याऐंशी वर्षांचे जॅक काइल बसले होते. सामना संपल्यावर नव्या संघाचा कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल त्यांना भेटला. जुन्या पिढीने जपून ठेवलेली गोष्ट नव्या पिढीच्या हाती दिली गेली. त्या वेळचे छायाचित्र आयर्लंडमध्ये आजही प्रेमाने पाहिले जाते.

२८ नोव्हेंबर २०१४ रोजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी डॉ. काइल यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या मुलीने वडिलांशी झालेल्या गप्पांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते.

मुलांनो, आता एक साधा हिशेब करून पाहा. काइल आयर्लंडसाठी अकरा वर्षे खेळले. एक सामना ऐंशी मिनिटांचा. ४६ सामन्यांची मिनिटे मोजली, तर ती सारी मिळून अडीच-तीन दिवसांत मावतात. चिंगोला येथे मात्र ते चौतीस वर्षे राहिले. जग त्यांना ओळखते ते त्या अडीच-तीन दिवसांमुळे. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून बरे झालेल्या मजुरांची, बायामुलांची नावे कोणत्याही क्रीडा-पुस्तकात छापलेली नाहीत. त्यांतील कित्येक जण पुन्हा खाणीत कामाला गेले असतील, शेतात गेले असतील. तेव्हा जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली असतील.

तुमच्यापैकी कोणी उत्तम खेळत असेल, कोणाचा आवाज गोड असेल, कोणाचे अक्षर सुरेख असेल. त्याबद्दल शाबासकी मिळाली, तर ती जरूर घ्या. पण घरी आल्यावर अभ्यासाचे पुस्तकही उघडा. बोटीचा लांबचा प्रवास संपवून आलेल्या एका नामवंत खेळाडूने तेच केले होते, आणि त्याचा लाभ पुढे हजारो मैलांवरच्या माणसांना झाला.